बॉनेट उघडायला परवानगी कुणाची?

मंडळी, आज जरा तिखट लिहिणार आहे. ज्यांच्या गाडीची वॉरंटी अजून शिल्लक आहे त्यांनी खुशाल हसत वाचावं. तुमची पाळी यायचीच आहे!

विषय आहे जुनी लक्झरी एसयूव्ही विकत घेणं आणि ती घरी दुरुस्त करणं. माझ्याकडे अशी एक आहे. नऊ वर्षांची, डिझेल, मी तिसरा मालक. बऱ्याच शनिवार-रविवारी मी औंधला असतो. पुण्यातलं औंध नव्हे हो, खटाव तालुक्यातलं, यमाईचं औंध. घरापुढे अंगण, दोन जॅक स्टँड, टॉर्क रेंच, पान्यांचा एक सेट आणि ओबीडीचा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर. एवढ्या भांडवलावर गाडीची बरीच कामं निघतात. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी, सेन्सर. आणि हे सांगितलं की ऑफिसातल्या पोरांचा ठरलेला प्रश्न येतो, "अरे, तुझा तासाचा रेट काय, आणि तू करतोयस काय?"

च्यायला, हा तासाचा रेट म्हणजे आपल्या पिढीला झालेला आजार आहे. रविवारी दुपारी कुठली कंपनी तुम्हाला तासावर पैसे देते? तोच माणूस तीन तास रील बघतो तेव्हा रेट आठवत नाही. हाताला ग्रीस लागायची वेळ आली की बरोब्बर आठवतो. हिशोब वगैरे काही नाही, खरं दुखणं वेगळं आहे. "इंजिनिअर झालास आणि मेकॅनिकचं काम करतोस?" हे वाक्य आपल्या घराघरांत बोललं जातं. ज्याच्या नखात काळं तो खालचा, हा आपला जुना रोग. डिग्रीने तो बरा होत नाही, उलट त्याला कव्हर मिळतं.

आता पैशांचं बघू. जुनी लक्झरी गाडी स्वस्त का मिळते? गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पण पार्टची उतरत नाही म्हणून. गाडी सेकंडहॅन्ड, बिल मात्र फर्स्टहॅन्ड! बरं, त्यातले बरेच पार्ट गाडीवाली कंपनी बनवतच नाही. सप्लायर बनवतो, कंपनी आपल्या खोक्यात घालते. तोच सप्लायर तेच फिल्टर आपल्या नावाच्या खोक्यातही विकतो, बऱ्याच कमी पैशात. केबिन फिल्टर बदलायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांची मजुरी बिलात बघा, मग तासाच्या रेटवर बोलू.

पण पैसे हा माझा मुख्य मुद्दा नाही. मुख्य मुद्दा आहे कुलपाचा.

गेल्या वर्षी माझ्या गाडीची बॅटरी गेली. नवीन आणून बसवायला अर्धा तास. पण या गाड्यांत बॅटरी किती जुनी झाली त्याप्रमाणे कॉम्प्युटर चार्जिंग ठरवतो, म्हणून नवी बॅटरी बसवली की त्याला तसं सांगावं लागतं. त्याला रजिस्ट्रेशन म्हणतात. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर आलं, गाडी टो करून पुण्याला आणा. औंधहून पुण्याला! कशासाठी? तर कॉम्प्युटरला "बॅटरी नवी आहे" एवढं कळवण्यासाठी. मी अ‍ॅडॉप्टर लावला, फोनवरच्या अ‍ॅपमधून ते दोन मिनिटांत केलं. मागच्या ब्रेक पॅडचंही तेच. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी त्याला सर्व्हिस मोडमध्ये टाकावं लागतं. त्यात कौशल्य काही नाही, फक्त कमांड माहीत पाहिजे. आणि ती कमांड लपवणं हाच आता धंदा झालाय.

ही एकट्या माझी कुरकूर नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण? स्वतंत्र गॅरेजना अस्सल पार्ट आणि डायग्नोस्टिक साधनं मिळू न देणं. लक्झरीवाले त्यात होते आणि आपले साधे रोजचे ब्रँडही होते. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, त्या होतच असतात. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, वर्षअखेरीस पोर्टलही काढलं. गाड्या त्यात आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच लोकांच्या मतदानाने गाड्यांसाठी तसा कायदा करून घेतला.

आणि ही कुलपं बनवतं कोण? आपणच! २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी महिन्याची वर्गणी लावली. हीटर सीटमध्ये आधीच बसवलेला, फक्त सॉफ्टवेअरने बंद ठेवलेला. लोक खवळले, २०२३ मध्ये कंपनीने ते सोडून दिलं. पण तो फ्लॅग कुणीतरी लिहिला होता ना? माझ्या-तुमच्यासारख्याच कुणीतरी, एसीत बसून.

"पण सेफ्टीचं काय?" विचारणारच. बरोबर आहे. एअरबॅग, हाय प्रेशर डिझेल लाइन, सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग यांना मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर कधीच जाऊ नका. पण सेफ्टीचा खरा उपाय म्हणजे मॅन्युअल आणि टॉर्कचे आकडे उघडे ठेवणं. माहिती लपवल्याने कुणी घरी काम करायचं थांबत नाही, ते अंदाजाने करतो. धोका त्या अंदाजात आहे.

आता औंधवाला म्हणून एक सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. चांगली नोकरी. मग बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात! १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना आपल्या संस्थानात माळरान दिलं आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. मास्तरकी सोडून सायकलीत रमलेल्या माणसाला त्याचा तासाचा रेट विचारला असता तर? आणि आमच्या गावच्या राजाला तो मेकॅनिक वाटला नाही, एवढंच मला इथे नोंदवायचंय.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. जी वस्तू उघडायला दुसऱ्याची परवानगी लागते ती आपण विकत घेतलेली नाही, भाड्याने वापरतोय. पुढची गाडी बघताना सनरूफच्या आधी एवढं विचारा: मॅन्युअल मिळेल का, पार्ट बाहेर मिळतात का, बॅटरी मी बदलली तर चालेल का. सेल्समन गांगरेल. गांगरू दे. शंभर जणांनी विचारलं की वरपर्यंत जातं.

असो. या शनिवारी तुमच्या गाडीचं केबिन फिल्टर तेवढं स्वतः काढून बघा. आत साचलेला कचरा बघितलात की बाकीचं मला लिहावं लागणार नाही.