अर्जावरील नाव आणि मुलाखतीतील मौन

गेली काही वर्षे दर उन्हाळ्यात आम्ही काही माजी विद्यार्थी वसतिगृहाच्या सभागृहात सतरंजी पसरून मुलाखतीचा सराव घेतो. विषयाच्या प्रश्नांना आपली मुले डगमगत नाहीत. ती अडतात एका साध्या विचारणेपाशी : ‘घरी कोण काय करते?’ नांदेडहून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक विद्यार्थिनी या प्रश्नावर मान खाली घालून बसून राहिली. आईवडील ऊसतोडीला जातात, हे तिला सांगावयाचे नव्हते.

लातूर पॅटर्नने मराठवाड्यातील मुलांना परीक्षेची भीती घालवावयास शिकविले, हे ऋण मोठे आहे. परंतु उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. नोकरीच्या अर्जावर पहिल्याच ओळीत नाव असते, आणि तेही आडनावासह.

हा आमचा केवळ ग्रह नव्हे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी समान पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना पाठवून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, दलित आडनावाच्या अर्जाला पुढील फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश होती; मुस्लिम नावाची तर एक-तृतीयांशच. संविधानाचे सोळावे कलम शासकीय नोकरीत संधीची समानता देते. खासगी कार्यालयाच्या दारापर्यंत ते पोहोचत नाही. तेव्हा बोलावणे आले नाही, तर दोष नेहमी मुलाच्या तयारीचाच असतो असे पालकांनी मानू नये.

यावर उपाय म्हणून काही पालक आडनाव बदलण्याचे सुचवितात. आम्हांस ते पटत नाही. १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होताना बाबासाहेबांना राहावयास जागा मिळेना, म्हणून ते पारशी नावाने पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, ते स्वतःच्या नावाने.

शिवाय बदललेले नाव कागदपत्रांत फार छळते. दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि जातीचा दाखला यांत एका वेलांटीचाही फरक नसावा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज वेळेवर करावा. केंद्राच्या नोकरीसाठी दाखला केंद्राच्या विहित नमुन्यातच लागतो, हे जाहिरात निघाल्यावर कळले तर उशीर झालेला असतो.

खासगी नोकरीच्या अर्जात मात्र धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय लिहिण्याचे कारण नाही. झेरॉक्सच्या दुकानातला जुना नमुना तसाच भरून देण्याची सवय मोडावी. त्या जागी केलेले काम लिहावे : भोजनालयाचा धान्यसाठा सांभाळला, १४ एप्रिलच्या कार्यक्रमाची वर्गणी व खर्च जुळविला, लहान मुलांचा अभ्यास घेतला. आपल्या मुलांना हे काम वाटतच नाही. निवासी शाळेत ते सगळेच करतात ना!

त्या विद्यार्थिनीला आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसविले. या वेळी ती म्हणाली, “आईवडील ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब आठवीपासून मीच ठेवते.” आमच्यातील बँकेत असलेल्या सहकाऱ्याने लगेच पुढचा प्रश्न विचारला : त्या उचलीवर फेड कशी धरतात? ती दहा मिनिटे बोलत होती.