२६ नोव्हेंबर : एक तारीख, दोन बॅनर

आमच्या चौकात आज दोन बॅनर लागलेत. एका बाजूला संविधान दिनाच्या शुभेच्छा, दुसऱ्या बाजूला २६/११ च्या शहिदांना श्रद्धांजली. मधे विजेचा खांब. इकडचे कार्यकर्ते तिकडे ढुंकून बघत नाहीत. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच. एकाने बाबासाहेबांचा फोटो टाकला की दुसरा विचारतो, "आज शहीद आठवत नाहीत का?" दुसऱ्याने करकरे, कामटे, साळसकरांचा फोटो टाकला की तिसरा म्हणतो, "संविधान दिन मुद्दाम झाकताय." दुपारपर्यंत ॲडमिनने ग्रुप बंद केला.

सकाळी बातमीसाठी एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. पोरांनी मोठ्याने प्रास्ताविका वाचली. तिच्या शेवटच्या ओळींत तारीख येते, २६ नोव्हेंबर १९४९. कार्यक्रम संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने मला गाठलं. "काका, हा तोच सव्वीस नोव्हेंबर का, मुंबईच्या हल्ल्याचा?" मी घाईत होतो. म्हटलं, "तारीख तीच बाळा, साल वेगळं. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

गाडीला किक मारली आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं, पोरीला चुकीचं उत्तर देऊन आलो. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वाचा.

आधी तारखांचं. संविधान सभेने घटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला. नागरिकत्व, निवडणूक अशी काही कलमं त्याच दिवशी लागू झाली, बाकीची घटना दोन महिने थांबली. का? कारण २६ जानेवारी १९३० ला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती, आणि ती तारीख जपायची होती. म्हणजे २६ जानेवारी ही मुद्दाम जुळवलेली तारीख. २६ नोव्हेंबरचं तसं नाही. १९४९ आणि २००८ एका तारखेवर आले हा मी योगायोगच मानतो. पण त्यानंतरची चार वर्षं जे घडलं तो योगायोग नव्हता.

त्या रात्री दहा जण आले. १६६ माणसं गेली. दहापैकी नऊ मारले गेले, एक जिवंत सापडला. तो सापडला गिरगाव चौपाटीला, तुकाराम ओंबळ्यांमुळे. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचा माणूस, आधी लष्करात, मग मुंबई पोलिसात सहायक उपनिरीक्षक. हातात फक्त काठी. कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. पुढे त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आता प्रश्न असा, की जिवंत पकडलेल्या त्या माणसाचं करायचं काय? तेव्हाचं वातावरण आठवा. चौकात फाशी द्या, केस कशाला चालवता, हेच सगळीकडे. त्याचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार नव्हतं. कोर्टाने नेमलेल्या वकिलाच्या घरापुढे निदर्शनं झाली.

आणि इथेच पहिला २६ नोव्हेंबर दुसऱ्याला येऊन भेटतो. घटनेचं कलम २१ 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कोणत्याही व्यक्तीचा जीव घेता येत नाही. कलम २२ अटक झालेल्याला वकिलाचा हक्क देतं. पाकिस्तानातून आलेला, सीएसटीवर बेछूट गोळ्या घालणारा माणूसही त्यात बसतो. राग येतो ना वाचताना? मलाही आला होता.

आर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय बसलं. सहाशेवर साक्षीदार झाले. कामा हॉस्पिटलमधली सिस्टर कोर्टात उभी राहिली आणि तिने त्याला ओळखलं. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. २०११ मध्ये हायकोर्टाने ती कायम केली, ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने. तिथेही त्याच्या बाजूने बोलायला कोर्टानेच ज्येष्ठ वकील दिला. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली.

चार वर्षं लागली. पण त्या चार वर्षांनी काय दिलं बघा. कट कुठे शिजला, माणसं कुठून आली, हे सगळं शपथेवरच्या साक्षीपुराव्यांनी कोर्टाच्या निकालात नोंदलं गेलं. तो त्याच रात्री मारला गेला असता तर आपल्याकडे एक प्रेत आणि एक दावा उरला असता. ओंबळ्यांनी जीव देऊन जे मिळवलं, ते कोर्टाने वाया जाऊ दिलं नाही.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते, हल्ल्याला मदत केल्याचा आरोप असलेले. पुराव्याअभावी विशेष न्यायालयाने दोघांना सोडलं आणि सुप्रीम कोर्टापर्यंत तो निर्णय टिकला. चौकात न्याय झाला असता तर तिघं लटकले असते.

आता माझी कबुली. "कसाबला तुरुंगात बिर्याणी" हे तुम्ही ऐकलंय ना? मीही तेव्हा एका छोट्या दैनिकात चौकट केली होती, चांगली मसालेदार. लोकांनी फोन करून कौतुक केलं. २०१५ मध्ये सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच जाहीर सांगितलं की ती बिर्याणीची गोष्ट त्यांनी रचलेली होती, कसाबबद्दल तयार होत असलेली सहानुभूती मोडण्यासाठी. माझी चौकट गेली रद्दीत, पण बिर्याणी अजून लोकांच्या तोंडी आहे. परवाच एका लग्नात जेवणाच्या पंगतीत ऐकली. खुलासा मी तेव्हा छापला नव्हता. आज इथे छापतो.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर गावाकडे या. गेल्या वर्षी आमच्या भागात एक वाईट गुन्हा घडला. लोक चिडले, चिडणं साहजिकच होतं. लगेच मागणी आली, कोणीही आरोपीचं वकीलपत्र घेऊ नये. वकील मंडळींनी तसं ठरवूनही टाकलं. टाळ्या पडल्या. असे ठराव घटनेच्या विरोधात आणि बेकायदा आहेत हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. ज्या देशाने कसाबला वकील दिला, त्या देशातलं आमचं गाव आपल्याच माणसाला वकील मिळू द्यायला तयार नव्हतं. आणि मी? मी ठरावाची बातमी दिली, सुप्रीम कोर्टाचं मत दिलं नाही. जागा नव्हती असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर हिंमत नव्हती.

म्हणून दोन्ही बॅनरवाल्या मित्रांना सांगणं आहे, तुमचं भांडण खोटं आहे. हल्ला करणाऱ्यांना आपण सुडाने आंधळे व्हायला हवे होतो. आपण झालो नाही, ते त्या १९४९ च्या पुस्तकामुळे. आणि ते पुस्तक नुसतं कपाटात राहिलं नाही, ते काठी घेऊन उभ्या राहिलेल्या हवालदार-फौजदारांमुळे, साक्ष द्यायला आलेल्या सिस्टरमुळे, शिव्या खात केस लढलेल्या वकिलांमुळे.

उद्या परत त्या शाळेत जाणार आहे. त्या पोरीला सांगायचंय, "हो बाळा, तोच सव्वीस नोव्हेंबर."

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये भांडा, फक्त शिव्या नकोत.