पदवी मराठीची, लेखणी तलाठ्याची

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या रिद्धपूरच्या भूमीत लीळाचरित्र सिद्ध झाले, तेथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले. या दोन्ही घटनांचे समाजवादी कार्यकर्त्यांनी स्वागत केले, ते योग्यच होते. परंतु स्वागताचे हार सुकण्यापूर्वीच एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. मराठी हाच विषय घेऊन दोन वर्षे पदव्युत्तर शिक्षण घेणारी बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यांची मुले-मुली त्या शिक्षणातून काय लिहावयास शिकतात? आमचे उत्तर असे आहे की, इतरांनी जे लिहिले त्याविषयी इतरांनी काय म्हटले, एवढेच लिहावयास ती शिकतात. स्वतःचे चार शब्द कागदावर मांडण्याचे शिक्षण त्यांना कोणी देत नाही.

बुलढाणा जिल्हा १९८३ साली नागपूर विद्यापीठातून वेगळा होऊन अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत आला. आज त्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात प्राचीन वाङ्मय, आधुनिक साहित्यप्रकार, समीक्षा, भाषाविज्ञान, लोकसाहित्य असे विषय शिकविले जातात. नवे शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात २०२३-२४पासून पदव्युत्तर वर्गांना लागू झाल्यावर त्यात संशोधनपद्धती, संशोधन प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांची भर पडली. यांपैकी कोणताही विषय टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्ञानेश्वरी आणि लीळाचरित्र श्रमिकांच्या मुलांनी वाचलेच पाहिजे. आमचा आक्षेप या शिक्षणाच्या पद्धतीला आहे. घाटावरच्या मेहकर-लोणारचा विद्यार्थी असो वा घाटाखालच्या संग्रामपूर-जळगाव जामोदचा, एसटीच्या वेळापत्रकावर त्याची हजेरी ठरते. शिकविणारा बहुधा तासिका तत्त्वावर नेमलेला. उद्या आपण तेथे असू की नाही हे त्यालाच ठाऊक नसते. शंभर ठिकाणी झेरॉक्स झालेल्या टिपणांवरून उत्तरे पाठ होतात, प्रकल्पाचे बाड बांधले जाते, त्यावर सही होते आणि दोन वर्षे संपतात. या काळात विद्यार्थ्याने लिहिलेले एखादे पान कोणी बारकाईने वाचले, त्यावर त्याच्याशी चर्चा केली, ते त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतले, असे किती वेळा घडते? ज्यांनी हे वर्ग जवळून पाहिले आहेत, त्यांना उत्तर सांगावयास नको.

यातला विरोधाभास तर पाहा. गाडगेबाबांना शाळा लाभली नाही. पण त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची मालिका असे. ते प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच श्रोत्याला त्याचे अज्ञान व त्याचे शोषण दिसू लागे. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात मात्र प्रश्न आधीच छापलेले आणि उत्तरे आधीच लिहिलेली!

कोणी म्हणेल, एम.ए.च्या पोरांना लिहिता आले नाही तर असे काय बिघडते? काय बिघडते ते पश्चिम विदर्भात राहणाऱ्याला विचारावे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळणारी एक लाख रुपयांची मदत आपोआप मिळत नाही. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे की परवानाधारक सावकाराचे होते, नापिकी होती काय, वसुलीचा तगादा होता काय, हे कागदावरून ठरते. पोलिसांचा पंचनामा आणि महसूल खात्याचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातो व तेथे त्या मृत्यूवर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा बसतो. 'कौटुंबिक कारण' एवढे दोन शब्द पंचनाम्यात पडले की कर्ज, नापिकी, पडलेले भाव हे सारे पुसले जाऊ शकते. तलाठ्याचे पदनाम २०२४मध्ये बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले. लेखणी मात्र त्याच टेबलावर राहिली. टेबलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या विधवेच्या बाजूने तिची हकिकत नेमकी, पुराव्यासह, कायद्याच्या भाषेत मांडणारा माणूस गावात असतो काय? गावात मराठीचा एम.ए. असतो, पण करुणरसाची व्याख्या लिहिण्यापलीकडे विद्यापीठाने त्याच्याकडून काही लिहून घेतलेले नसते.

ही गोष्ट नवी नाही. निरक्षर कुणब्याला कचेरीतील कारकुनाची लेखणी कशी नागवते, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली सिद्ध केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडले. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने भरलेल्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले, ते याच जाणिवेतून. कष्टकऱ्यांच्या दुःखाशी ज्यांच्या ग्रंथांचा संबंध नाही, त्यांच्या मेळाव्यात त्यांना रस नव्हता. डॉ. लोहियांनी उच्च जात, संपत्ती आणि इंग्रजी शिक्षण ही भारतीय सत्ताधारी वर्गाची तीन लक्षणे सांगितली. १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर महाराष्ट्राच्या कारभारात इंग्रजीची जागा पुष्कळ अंशी मराठीने घेतली, हे खरे. परंतु कचेरीची मराठी जर शेतमजुराला इंग्रजीइतकीच परकी असेल, तर सत्ता केवळ पोशाख बदलून बसली असे म्हणावे लागेल.

यावर साहित्यवर्तुळातून एक ठरावीक उत्तर येते: लेखन शिकविता येत नाही, ती दैवी देणगी आहे. हा साहित्यातील जातिवाद होय. गाणे शिकविता येते, चित्रकला शिकविता येते, कुस्ती शिकविता येते. मग लेखनच तेवढे गर्भातून यावे लागते काय? ज्यांच्या घरी तीन पिढ्यांची पुस्तके आहेत, त्यांना हे शिक्षण जेवणाच्या पाटावर मिळते. म्हणून ते देणगीसारखे भासते. मक्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील आयोवा राज्याच्या विद्यापीठात १९३६पासून लेखनाचे पदव्युत्तर शिक्षण चालते. विद्यार्थ्याने लिहावे, सहाध्यायांनी वाचावे, सर्वांनी मिळून त्याची चिकित्सा करावी, अशी ही साधी रीत आहे. आमचे दिलीप चित्रे १९७५मध्ये त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात गेले होते. अमेरिकेची नक्कल करा असे आम्ही म्हणत नाही. तेथील विद्यापीठांतही पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकविण्याचे काम तुटपुंज्या मोबदल्यावर पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून करून घेतले जाते. आपल्या तासिकावाल्यांचेच ते भाऊबंद. पण लेखन शिकविता येते, हा मुद्दा तेथे कधीच निकालात निघाला आहे.

आणि दूर जाण्याचे कारण तरी काय? बुलढाण्याला लागून असलेल्या खानदेशात, अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत स्थापन केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. तेथे शिकविणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श'मधून दलित लेखकांची एक पिढी घडविली. दोन्ही ठिकाणी पैसा नव्हता. लिहिणाऱ्याचे पान आस्थेने वाचणारा शिक्षक होता.

दुसरा आक्षेप सरकारी गोटातून येतो: विद्यार्थ्यांना कौशल्ये द्या, रोजगार द्या. कार्यप्रशिक्षण त्यासाठीच आणले, असे सांगतात. पण ज्या जिल्ह्यात उद्योगच मोजके, तेथे ते एखाद्या दुकानातून किंवा कचेरीतून आणलेल्या प्रमाणपत्रावर भागविले जाण्याचा धोका उघड आहे. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या जिल्ह्यातल्या लेखकाची ही कादंबरी उच्च शिक्षण घेऊनही नोकरीविना शेतीत अडकलेल्या तरुणाची आहे. वर्गात बसलेला विद्यार्थी स्वतः तेच जगत असतो. आणि परीक्षेत त्याला त्या तरुणाचे स्वभावचित्र रेखाटावयास सांगितले जाते! त्याच्या स्वतःच्या घराचा जमाखर्च, खारपाणपट्ट्यातल्या त्याच्या गावाचे खारे पाणी आणि तेथले मूत्रपिंडाचे विकार, सोयाबीनच्या विम्याचा फेटाळलेला दावा, यांविषयी कोणी त्याला लिही म्हणत नाही.

वऱ्हाडीचा प्रश्नही येथेच येतो. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधील वऱ्हाडीचे वर्गात कौतुक करावयाचे आणि विद्यार्थ्याच्या तोंडची वऱ्हाडी तांबड्या शाईने खोडावयाची, हा दुटप्पीपणा थांबला पाहिजे. प्रमाण मराठी त्याला उत्तम आलीच पाहिजे, कारण कचेरीशी लढावयाचे ते तिच्यातच. पण ती आईच्या बोलीची लाज वाटावयास लावून शिकविता येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्येक सत्रात लेखनाचा सक्तीचा विषय असावा आणि त्याचे गुण तीन तासांच्या परीक्षेवर न देता वर्षभरातील कच्च्या-पक्क्या मसुद्यांवर द्यावेत. दोन, त्यासाठी कायम नेमणुकीचे शिक्षक व लहान तुकड्या असाव्यात. तासिकेवर राबणाऱ्या माणसाकडून शंभर मुलांचे मसुदे वाचून घेणे हे शोषण आहे. तीन, कार्यप्रशिक्षण ग्रामपंचायत, तहसील, सार्वजनिक ग्रंथालय व स्थानिक वृत्तपत्र येथे व्हावे. विद्यार्थ्यांनी पीकनुकसानीचे अर्ज, माहिती अधिकाराचे अर्ज, ग्रामसभेचे इतिवृत्त लिहावे आणि त्याच्या जोडीला आपल्या गावाची कथाही लिहावी. अर्ज लिहिणारा हात कविता लिहू शकत नाही, हा समज पांढरपेशा आहे.

विद्यापीठ हे उद्याच करील, अशा भ्रमात राहू नये. अभ्यास मंडळे आणि अधिसभा यांच्या निवडणुका शिक्षणसम्राटांच्या हाती सोडून देण्याची चूक आपल्या चळवळीला महागात पडली आहे. तेथे आपले शिक्षक व पदवीधर उभे राहिले पाहिजेत. तोवर जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांच्या ठिकाणी साथींनी महिन्यातून दोन रविवार लेखनवर्ग चालवावा. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना बोलवावे, ज्यांचे अर्ज फेटाळले गेले आहेत त्यांनाही बोलवावे, आणि दोघांना एका चटईवर बसवून पहिला कागद लिहून घ्यावा.