रस्त्यावरचा राग, घरातला रक्तदाब

माझे एक रुग्ण निवृत्त मुख्याध्यापक आहेत. वय ७६. आमच्या भागात त्यांना सगळे ‘सर’च म्हणतात, तेव्हा इथेही तेच नाव चालवू. त्यांच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. गेली अकरा वर्षे त्यांचा रक्तदाब आणि साखर मी पाहतो आहे आणि या काळात औषधांच्या बरोबरीने त्यांच्या सायंकाळच्या फिरण्यावर मी विसंबून राहिलो आहे. पुण्यातला कर्वे रस्ता ओलांडायचा, पलीकडच्या वाचनालयात वृत्तपत्रे चाळायची, समवयस्कांशी चार शब्द बोलायचे आणि अंधार पडण्याच्या आत परतायचे, असा त्यांचा नेम. मध्यंतरी ते बाईंसोबत दवाखान्यात आले तेव्हा रक्तदाब १७८/१०० भरला, उपाशीपोटीची साखरही वाढलेली. गोळ्या चुकल्या का, लोणचे-पापड वाढले का, झोप कशी लागते, हे नेहमीचे प्रश्न विचारून झाले. “सगळं व्यवस्थित आहे,” एवढेच सर म्हणत राहिले. शेवटी बाईच म्हणाल्या, “डॉक्टर, तीन आठवडे झाले, हे घराबाहेरच पडलेले नाहीत.”

घडले होते ते असे. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागल्यावर सर रस्ता ओलांडत होते. उलट्या दिशेने एक मोटारसायकल आली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर करकचून थांबली आणि चालवणारा तरुण ओरडला, “ए म्हाताऱ्या, मरायचंय का?” सरांनी हातातल्या छत्रीचा टोला तिच्या दिव्यावर हाणला. तो तरुण उतरला आणि त्याने सरांच्या छातीवर हात ठेवून त्यांना मागे ढकलले. एक रिक्षाचालक मध्ये पडला म्हणून प्रकरण तेवढ्यावर मिटले. सर पडले नाहीत, त्यांना खरचटलेही नाही. “लागलं काहीच नाही हो,” ते मला म्हणाले, “पण घरी आल्यावर माझे हात तासभर थरथरत होते. ते मला सहन झालं नाही.” मुलाला त्यांनी यातले अक्षरही सांगितले नव्हते. सांगितले असते तर मुलाने बाहेर जाणेच बंद करायला लावले असते, ही धास्ती. आणि न सांगता त्यांनी स्वतःच ते बंद करून टाकले होते.

रस्त्यावरच्या अरेरावीचा विचार आपण अपघाताच्या अंगाने करतो आणि तो करायलाच हवा. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. पण माझ्यासारख्या डॉक्टरकडे येतात ते बहुतेक ज्येष्ठ अपघातात सापडलेले नसतात. ते घाबरलेले किंवा अपमानित झालेले असतात, आणि त्यांनी गुपचूप चालणे सोडलेले असते. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतले स्नायू सुमारे एक किलोने घटले होते. सर काही अंथरुणाला खिळले नव्हते. पण तीन आठवडे आरामखुर्चीत काढल्यावर दवाखान्याच्या खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागला, हे मी पाहिले. अशा पायांनी माणूस पुन्हा रस्त्यावर आला, तर तो आधीपेक्षा हळू चालतो, म्हणजे अधिक वेळ वाहनांच्या वाटेत राहतो.

या चालीचे गणित एकदा समजून घेण्यासारखे आहे. पादचाऱ्यांसाठी सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, असे धरले जाते. गुडघे दुखणारी, पंचाहत्तरी ओलांडलेली व्यक्ती बहुधा ०.८ मीटरच चालते. अठरा मीटर रुंदीचा रस्ता पहिल्या हिशेबाने पंधरा सेकंदांत संपतो, दुसऱ्या हिशेबाने साडेबावीस. मधल्या साडेसात सेकंदांत मागची वाहने गुरगुरू लागतात आणि आपल्याला वाटते की चूक आपलीच आहे. ती आपली नाही. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर वेग कमी करून, गरज पडल्यास थांबून पादचाऱ्याला वाट देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, आणि पदपथावर वाहन चालवायला तर मुळीच परवानगी नाही. आता हे नियम त्या क्षणी समोरच्याला ऐकवायचे का? सरांनी छत्रीने ऐकवले. त्यांचा राग रास्त होता. मी मात्र डॉक्टर म्हणून त्या रागाची किंमत कोण मोजतो, एवढेच पाहतो.

राग आला की शरीरात अॅड्रिनॅलिन उसळते, नाडी धावू लागते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्त गोठण्याकडे झुकते. विशीतल्या तरुणाचे शरीर हे सारे पचवून पाच मिनिटांत पुढच्या चौकात पोहोचते. सत्तरीतल्या, आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना ते इतके स्वस्तात पडत नाही. रागाच्या उद्रेकानंतरच्या साधारण दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत आढळले आहे. म्हणून माझ्या ज्येष्ठ रुग्णांना मी सांगतो, की शिवी कानावर पडली तरी पाऊल थांबवू नका, आधी पदपथ गाठा. वाहनावर काठी मारणे, किल्ली काढून घेणे, हँडल धरणे हे कटाक्षाने टाळा. पदपथावर पोहोचल्यावर एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लावा, असे पाच-सात मिनिटे करा. वाहनाचा क्रमांक लक्षात राहिला असेल तर तो तिथेच कागदावर टिपून घ्या. प्रकार मारहाणीपर्यंत गेला असेल, तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवायला संकोच करू नये.

घरी पोहोचल्यावर पुढचा अध्याय सुरू होतो आणि त्यात काळजी घेणाऱ्यांकडून एक चूक हमखास होते. बाबा घामाघूम होऊन आले, की लगेच रक्तदाबाचे यंत्र बाहेर निघते. आकडा अर्थातच वाढलेला दिसतो. सगळ्यांचीच घाबरगुंडी उडते, दर दोन मिनिटांनी पट्टा आवळला जातो, आकडा आणखी चढतो आणि कुणीतरी रात्रीची गोळी आत्ताच देऊन टाकते, किंवा जिभेखाली एखादी कॅप्सूल फोडते. जिभेखालच्या कॅप्सूलची ती जुनी रीत आता सोडून दिलेली आहे, कारण तिने दाब एकदम कोसळू शकतो. राग ओसरल्यावर दाब आपोआप उतरू लागतो, त्याच वेळी जादा गोळी काम करू लागते, आणि रात्री लघवीला उठलेले बाबा न्हाणीघराच्या दारात पडतात. तेव्हा आधी पाणी द्या, बसू द्या, बोलू द्या. अर्ध्या तासाने शांतपणे एकदाच दाब मोजा. छातीत दुखणे, धाप लागणे, जीभ जड होणे, तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे यांपैकी काही असेल, तर मात्र यंत्र बाजूला ठेवून १०८ ला फोन लावायचा.

जे प्रत्यक्ष पडतात, त्यांच्याविषयीही थोडे सांगायला हवे. एक आजी दुचाकीच्या आरशाचा धक्का लागून बसल्याजागी कलंडल्या. डोके पदपथाच्या कडेला हलकेच टेकले. टेंगूळसुद्धा आले नाही. त्या हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत होत्या. तीन आठवड्यांनी त्यांची चाल एका बाजूला झुकू लागली, नावे विसरू लागली, दुपारी झोप वाढली. घरच्यांना वाटले, वय झाले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली साकळलेले रक्त दिसले. शस्त्रक्रियेनंतर त्या सावरल्या. वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो, त्याच्या भोवतालच्या शिरा ताणल्या जातात आणि लहानशा धक्क्यानेही त्यांतून रक्त झिरपत राहू शकते. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन अशी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला रस्त्यावर जराही मार लागला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि पुढचा महिनाभर डोकेदुखी, गुंगी, अडखळणे यांकडे लक्ष ठेवा. गोळ्या आपल्या मनाने मात्र बंद करू नका. पडलेल्या अनोळखी माणसाला उचलायला लोक कचरतात, पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल म्हणून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानेच अशा मदतकर्त्याला संरक्षण दिले आहे, हे घरातल्या तरुणांना आवर्जून सांगून ठेवा.

सरांच्या बाबतीत आम्ही काय केले? औषधाची मात्रा थोडी बदलली, पण मुख्य काम रस्त्याचेच होते. त्यांना मी विचारले, हिरवा दिवा लागलेला असताना तुम्ही पोहोचलात तर काय करता? “झपझप चालायला लागतो.” तेच चुकते. अर्धा संपलेला हिरवा दिवा आपला नव्हे. पुढच्या दिव्याची वाट पाहायची आणि तो लागताच निघायचे. मध्ये दुभाजक असेल, तर ते विश्रांतीचे ठिकाण समजायचे. एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे पाहायचे, कारण उलट्या दिशेने येणारा पाटी वाचून आलेला नसतो. वयाबरोबर आपण समोरच्या वाहनाचे अंतर पाहून निर्णय घेतो, त्याचा वेग हिशेबात कमी धरतो; म्हणून ‘अजून लांब आहे’ या अंदाजावर विसंबायचे नाही. आणि एकदा निघाल्यावर धावायचे नाही, मागेही फिरायचे नाही. एकसारख्या चालीने जाणाऱ्या माणसाला चालक चुकवू शकतो. दचकून उलट वळणाऱ्याला चुकवणे कठीण असते.

श्रवणयंत्र सर घरी दूरचित्रवाणीसमोर लावत आणि बाहेर जाताना कपाटात ठेवत, हरवेल म्हणून! विजेवरच्या दुचाकींचा आवाज तसाही जेमतेम येतो. त्यांच्या चष्म्याचे दोन भाग होते. खालच्या भागातून पाहिले की पदपथाची कड धूसर दिसते. चालण्यासाठी केवळ दूरचा, वेगळा चष्मा करून घेतला. प्रोस्टेटची गोळी घेतल्यावर उभे राहताना त्यांना अंधारी येत असे. ती आता झोपण्यापूर्वी घेतात, आणि रात्री उठताना दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसून मगच उभे राहतात. राहता राहिली काठी. “काठी घेतली की माणूस म्हातारा दिसतो,” असे म्हणून त्यांनी ती धुडकावली. मी म्हटले, सर, तो दिसावा म्हणूनच घ्यायची. दुरून येणाऱ्या चालकाला आपली चाल कळत नाही, काठी कळते.

सगळ्यांत अवघड निघाले ते मुलाशी बोलणे. मुलगा समंजस आहे. पण त्याच्या गाडीत मागे बसायला आपल्याला भीती वाटते, हे बाईंनी त्याला प्रथमच माझ्यासमोर सांगितले. तो पुढच्या गाडीला चिकटून चालवतो, हॉर्नवरून हात काढत नाही, कुणी आडवे आले की काच खाली करून बोलतो. मागच्या आसनावर आई सीट घट्ट धरून बसलेली असते. तो बिचारा अवाक झाला. वाचकहो, आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना रस्त्यावर दटावणारा तरुण कुठल्या ना कुठल्या घरातून सकाळी डबा घेऊनच निघालेला असतो. ज्येष्ठांनी हे बोलून दाखवावे. आणि चाळिशीपुढच्या चालकांच्या परवान्यासाठी प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या माझ्यासारख्यांनीही. त्या अर्जात दृष्टी, श्रवण, अपस्मार यांची चौकशी असते. रागाचा रकाना नसतो. मी तो हल्ली तोंडी विचारतो.

मला तो विचारण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न आहेच. काही वर्षांपूर्वी धाप लागलेल्या एका रुग्णाच्या घरी मी घाईने निघालो होतो. एक वृद्ध बाई भाजीची पिशवी घेऊन रस्त्याच्या मध्यावर होत्या. मी लांबलचक हॉर्न वाजवला. त्या इतक्या दचकल्या, की पिशवी खाली पडली, टोमॅटो घरंगळले. मी त्यांना वळसा घालून पुढे गेलो. पुढच्याच चौकात लाल दिवा लागला. मी थांबलेला असतानाच आरशात त्या पदपथावरून येताना दिसल्या. हळूहळू चालत, माझ्या गाडीच्या शेजारून त्या पुढे निघून गेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. रुग्णाकडे मी वेळेत पोहोचलो, पण हॉर्न वाजवला नसता तरीही तितक्याच वेळेत पोहोचलो असतो.

सर आता वाचनालयात पुन्हा जातात. सुरुवातीचे आठ दिवस सकाळी साडेसहाला, रस्ता मोकळा असताना, मुलासोबत. नंतर शेजारच्या दोघा समवयस्कांना गाठून सायंकाळी. तिघे मिळून रस्ता ओलांडतात, तेव्हा वाहने अधिक लवकर थांबतात, असे त्यांचे निरीक्षण आहे आणि मला ते पटते. मागच्या तपासणीत रक्तदाब १४२/८४ होता. त्या तरुणाचा राग गेला का, असे मी विचारले. “नाही,” ते म्हणाले, “आणि जाऊही नये.” त्यावर मी वाद घातला नाही. निघताना काठी टेबलाला टेकवलेलीच विसरून गेले. माझ्या लक्षात येईपर्यंत ते दारात परत हजर. पलीकडे पोहोचल्यावर आठवण झाली होती. तेवढ्यासाठी पुन्हा सिग्नलची वाट पाहून आले होते.