मडगार्ड ही बसण्याची जागा नव्हे



गेल्या दोन पिढ्यांत आपल्या खानापूर-बेळगाव भागातील शेतीचे रूप पार पालटून गेले. गोठ्यातील बैलजोडी गेली आणि अंगणात ट्रॅक्टर आला. चिखलणी, नांगरट, मळणी, ऊस कारखान्याला पोचवणे, घरासाठी चिरा आणणे, अशी सारी कामे हे एकच वाहन करते. ते वाईट झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु बैल गेले तरी बैलगाडीच्या सवयी आपण सोडल्या नाहीत, आणि माझ्या मते आपल्या भागातील बहुतेक अपघातांचे मूळ येथेच आहे. पूर्वी सणाला सगळे कुटुंब गाडीत बसून चर्चला जात असे. पोरे मागे लोंबकळत, एखादे धुरेवर बसे. गाडीचा वेग तो किती! पायाखाली मूल आले तर बैलसुद्धा थबकतो. ट्रॅक्टर थबकत नाही. त्याला मूल आणि ढेकूळ यांतला भेद कळत नाही.

ट्रॅक्टरला बसण्याची जागा एकच असते, चालविणाऱ्याची. चाकावरचे मडगार्ड हे चिखल अडविण्यासाठी असते, पाहुण्यांसाठी नव्हे. तेथे बसलेले मूल एका गचक्यासरशी खाली येते ते नेमके मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात, आणि इंजिनाच्या आवाजात बापाला हाकसुद्धा ऐकू जात नाही. "पोरगं रडतं म्हणून घेतलं" हे कारण सर्वांच्या तोंडी असते. रडू द्यावे.

ट्रॉलीची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तेथे एकदम वीस-पंचवीस माणसे असतात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची ट्रॉली तळ्यात उलटली आणि २६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच राज्यात कासगंज जिल्ह्यात गंगास्नानाला निघालेल्यांची ट्रॉली अशीच तळ्यात गेली, वीसहून अधिक माणसे दगावली. आणि ४ एप्रिल २०२५ रोजी आपल्या मराठी मुलखात, नांदेड जिल्ह्यातील आलेगाव येथे, शेतमजूर स्त्रियांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला व सात जणी गेल्या. धर्म निराळा असेल, गाव निराळे असेल. परंतु ट्रॉली तीच, आणि तीत बसण्याची रीतही तीच. आपल्या सणांना ट्रॉल्या भरून येतात तेव्हा आपणही त्याच रांगेत उभे असतो.

ट्रॉली उलटते का, हे समजून घ्यावे. तिला बसण्याचे बाक नाहीत, धरायला काही नाही. त्यामुळे वळणावर सगळी माणसे एका अंगाला कलतात आणि वजन तिकडे जाते. उसाची मोळी निदान बांधलेली असते. शिवाय बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. पुढचा ट्रॅक्टर थांबला तरी मागून ट्रॉली ढकलतच राहते आणि उतारावर ट्रॅक्टरला आडवा करून टाकते. वेग दुप्पट केला तर वळणावर बाहेर फेकणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. कायद्याने ट्रॉलीतून माणसे नेण्यास मनाई आहे हे पुष्कळांना ठाऊक असते. पण शेतीकामासाठी उतरवलेला ट्रॅक्टरचा विमा ट्रॉलीतल्या प्रवाशांना लागू होत नाही, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. त्यामुळे अपघातानंतर दुखवट्याबरोबर घरात कर्जही येते.

आता शेतातील धोक्याकडे वळू. पावसाळ्यात खाचरात ट्रॅक्टर रुतला की आपले लोक काय करतात? मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका साखळीने बांधतात आणि गियर टाकून जोर लावतात. याहून घातक उपाय दुसरा नाही. एरवी इंजिन चाक फिरविते. चाक चिखलात आणि ओंडक्यात घट्ट अडकले म्हणजे ते फिरू शकत नाही; मग तोच जोर उलट बाजूने लागून आसाभोवती ट्रॅक्टरचे धूडच फिरू लागते. पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर चालविणाऱ्याच्या अंगावर मागे उलटतो. या सगळ्याला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागत नाही. त्यातील पहिल्या पाऊण सेकंदात क्लच दाबला तर दाबला, पुढे उपाय उरत नाही. म्हणजे "मी उडी मारीन" असे म्हणणाऱ्याला उडीचा विचार सुचेपर्यंत सगळे आटोपलेले असते. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूची माती काढावी आणि उलट्या गियरने सावकाश बाहेर यावे. तेवढ्याने निघाला नाही तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा. यात कसला कमीपणा?

ओढायचे ते नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावे. झाडाचे खोड ओढताना साखळी आसाला किंवा वरच्या लिंकला बांधली की हाच उलटण्याचा प्रकार होतो. उभा बांध चढायचाच असेल तर नुसत्या ट्रॅक्टरने उलटा चढावा आणि उतरताना सरळ उतरावे. ओढ्याच्या किंवा पाटाच्या काठाने जाताना जितकी खोली, निदान तितके अंतर काठापासून ठेवावे. पावसाने भिजलेला काठ वरून घट्ट दिसतो आणि आतून पोकळ असतो.

स्वीडन देशाने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर चालविणाऱ्याभोवती भक्कम लोखंडी चौकट बसविणे सक्तीचे केले. ट्रॅक्टर उलटला तरी ही चौकट माणसापुरती जागा राखते. तेथे अशा मृत्यूंचे प्रमाण पुढील काळात अगदी थोडक्यावर आले. आपल्या भागात पाहावे तर उन्हासाठी पातळ नळ्यांचे छत बसविलेले दिसते आणि मालकाला वाटते हीच ती चौकट. ते छत उन्हापासून वाचवते, ट्रॅक्टरच्या वजनापासून नव्हे. चौकट असेल तर पट्टा जरूर बांधावा. चौकट नसताना पट्टा बांधणे मात्र धोक्याचे, हेही ध्यानात असावे.

मळणी यंत्र किंवा रोटाव्हेटर चालविणारा पी.टी.ओ.चा दांडा हा तर शांत दिसणारा मारेकरी होय. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचे टोक, लुंगीचा सोगा, गळ्यातील टॉवेल, नाहीतर सुटी वेणी त्यात अडकली तर सेकंदाला सहा-सात फूट कापड गुंडाळले जाते. ओढून काढायला वेळच मिळत नाही. कापडामागोमाग हात जातो. नवे यंत्र येते तेव्हा या दांड्यावर संरक्षक नळी असते. पहिल्याच हंगामात ग्रीस द्यायला अडचण होते म्हणून ती काढून कोपऱ्यात टाकतात. ती पुन्हा बसवून घ्यावी. फिरत्या दांड्यावरून कोणी ओलांडून जाऊ नये, आणि मळणीला येणाऱ्या बायांनी पदर खोचून, डोक्याला घट्ट फडके बांधून यावे. हे बायांनाच सांगून भागत नाही, इंजिन बंद करूनच यंत्रात हात घालायचा हे चालविणाऱ्याने पाळले पाहिजे.

आणखी एक वाईट सवय पसरली आहे. किल्ली बिघडली की खाली चाकाशेजारी उभे राहून स्क्रूड्रायव्हरने स्टार्टर जोडायचा. ट्रॅक्टर गियरमध्ये राहिला असेल तर चालू होताच तो समोर उभ्या असलेल्यावरूनच जातो. किल्लीची दुरुस्ती करून घ्यावी. तिला येणारा खर्च हाड बसविण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी डावा-उजवा ब्रेक खटक्याने एकत्र जोडलाच पाहिजे. शेतात वळण्यासाठी ते वेगळे असतात. रस्त्यावर वेगात असताना एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरून उलटतो. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. चोर्ल्याच्या घाटात भरलेली ट्रॉली न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे काय, याचा हिशोब ज्याने त्याने करावा. ज्या गियरमध्ये चढ चढला असता त्याच गियरमध्ये उतार उतरावा, आणि तो गियर उतार लागण्यापूर्वी टाकावा.

गळिताचा हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, तांबडी चमकणारी पट्टी नाही, आणि चाक पंक्चर झाले की ट्रॉली तशीच रस्त्यात सोडून चालक निघून जातो. नेमक्या याच दिवसांत, नोव्हेंबरअखेरीस, आपल्या भागातून संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या सणासाठी जुन्या गोव्याकडे पायी जाणारे यात्रेकरू रस्त्याच्या कडेने चालत असतात. चमकणारी पट्टी ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना लावावी. ऊस पसरून ती झाकली जात असेल तर लोंबणाऱ्या वाढ्याखाली, दिसेल अशी लावावी. यात्रेकरूंनीही पांढरे कपडे घालावे, मेळ्यात पुढे व मागे बॅटरी ठेवावी आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा, रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे.

निगराणीविषयी थोडक्यात. रोज सकाळी इंजिन ऑइल, रेडिएटरचे पाणी आणि चाकांचे नट पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. धुळीच्या दिवसांत एअर क्लीनरमधील तेल रोज पाहावे, कारण धुळीने इंजिन जितके लवकर झिजते तितके कामाने झिजत नाही. डिझेलची टाकी संध्याकाळी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्री दव धरते आणि ते पाणी पंपात जाते. बॅटरी काढताना अर्थची तार आधी काढावी, लावताना शेवटी लावावी, आणि जवळ विडी पेटवू नये. पाणी भरायचे ते डिस्टिल्ड. ट्रॉलीचा हुक, त्याची पिन आणि पिनेची कडी यांकडे कोणी पाहत नाही. वास्तविक भरलेली ट्रॉली त्या एका पिनेवर असते. पिनेच्या जागी सळईचा तुकडा कधीही घालू नये. वर उचललेल्या ट्रॉलीखाली काम करायचे तर लाकडी टेकू आधी द्यावा, नुसत्या हायड्रॉलिकवर विश्वास ठेवू नये. पिंजराचा उंच भार नेताना विजेच्या तारांकडे लक्ष असावे.

कोणी ट्रॅक्टरखाली सापडला तर प्रथम इंजिन बंद करावे, मग १०८ ला फोन करावा. पाठीला मार असेल त्याला उचलून बसवू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी. माती गेलेल्या जखमेला धनुर्वाताची सुई टाळू नये.

आता जबाबदारीचा प्रश्न. अपघात झाला की आपण चालकाला दोष देतो, आणि चालक बहुधा कोणाचा तरी अठरा वर्षांचा मुलगा असतो. निर्गमाच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम आहे. बैल मारका आहे हे धन्याला आधीच सांगितलेले असून त्याने तो बांधून ठेवला नाही, तर दोष धन्याला लागतो. ट्रॅक्टरचा धनी कोण? अनुवादाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा असे सांगितले आहे, नाहीतर पडणाऱ्याचे रक्त त्या घरावर येते. पी.टी.ओ.ची नळी आणि ट्रॉलीची पट्टी हे आपल्या काळचे कठडे आहेत. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात तर मद्यपानाने किंवा वेगाच्या हौसेने रस्त्यावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष असल्याचे पाचव्या आज्ञेच्या विवेचनात सांगितले आहे. सणाच्या दिवशी मिस्सा चालू असताना बाहेर ट्रॉलीशेजारी बाटली उघडणाऱ्या चालकांनी आणि ते पाहूनही परतताना त्याच ट्रॉलीत चढणाऱ्यांनी हे ऐकावे.

म्हणून माझी एक सूचना आहे. ती काहींना रुचणार नाही. शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांच्या १५ मे च्या सणाला ट्रॅक्टर आशीर्वादासाठी आणले जातात तेथे फादरांनी पवित्र जल शिंपडण्यापूर्वी कोणा जाणकाराकडून तीन गोष्टी पाहून घ्याव्या: ब्रेकचा खटका, पी.टी.ओ.ची नळी आणि ट्रॉलीच्या मागील पट्टी. ज्याच्याकडे नसेल त्याने पुढच्या रविवारी यावे. यात अपमान काही नाही. पावसाळ्याआधी दुरुस्तीला तेवढा वेळ मिळतो.

आणि ट्रॉलीने न यावे तर कसे यावे, हा प्रश्न खराच आहे, कारण वाडीवस्तीवर सकाळची एस.टी. वेळेवर मिळत नाही. सणाच्या दिवशी प्रत्येक वाडीने एक मिनीबस भाड्याने घ्यावी. पंचवीस-तीस माणसांत भाडे वाटले तर माणशी फार पडत नाही. ज्यांना तेही जमत नाही अशी घरे प्रत्येक वाडीत तीन-चारच असतात, आणि त्यांचे भाडे सणाच्या फटाक्यांच्या वर्गणीतून काढता येईल. फटाके अर्धे उडाले तरी संत रागावणार नाहीत. बसची नावे सणाच्या आधीच्या रविवारपर्यंत वाडीच्या प्रमुखाकडे द्यावी, म्हणजे आयत्या वेळी कोणी राहिले म्हणून ट्रॉली बाहेर काढावी लागणार नाही.