रीळ, तंगूस आणि मागाचा बीम

आपल्या सोलापुरात समुद्र नाही. सिद्धेश्वर तलाव आहे, संभाजी तलाव आहे, आणि जरा लांब गेलं तर उजनी. मग बाई या आठवड्यात एकदम समुद्रातल्या मासेमारीवर का घसरल्या, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण आमच्या घरातल्या एका पिशवीत होतं. पिशवीत मासे धरायचं रीळ होतं. ते उसनं आणलेलं होतं, आणि डिसेंबरात बाहेर काढलं तेव्हा त्याचं हँडल तसूभरही हलेना!

झालं असं. माझी थोरली बहीण मालवणला दिलेली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो होतो. तिकडे गळ टाकून मासे धरण्याला ‘गरवणं’ म्हणतात. गळ म्हणजे गरी, आणि नायलॉनचा दोरा म्हणजे तंगूस. दाजी देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, गरवायला जातात. त्यांच्याकडे बेटकास्टिंग रीळ आहे. आमच्या चिरंजीवांनी (इयत्ता सहावी) पहिल्याच दिवशी त्याच्यावर डोळा ठेवला.

हे रीळ काठीच्या वरच्या बाजूला बसतं. आत एक आडवं स्पूल असतं, म्हणजे तंगूस गुंडाळायचं चाक. आपल्या पतंगाच्या आसारीसारखंच म्हणा ना! हँडल एकदा फिरवलं की आतल्या दातेरी चाकांमुळे स्पूल सहा-सात वेळा फिरतं. बटण दाबलं की हँडल आणि स्पूल यांची फारकत होते. मग काठी झटक्याने पुढे टाकायची. गरीचं आमिष आणि शिसं पुढे उडतं, आणि त्याच्या ओढीने स्पूल गरागरा फिरत तंगूस सोडतं.

आणि इथेच गंमत होते. हवेच्या विरोधामुळे शिशाचा वेग कमी होत जातो, स्पूलचा मात्र तितका होत नाही. शिसं मागतंय त्यापेक्षा जास्त तंगूस स्पूल सोडायला लागतं. तो जादा तंगूस जाणार कुठे? तिथेच फुगतो आणि त्याचा असा काही गुंता होतो की विचारू नका! इंग्रज मंडळी त्याला पक्ष्याचं घरटं म्हणतात. चिरंजीवांनी पहिल्या तासात तशी चार घरटी बांधली.

दाजी म्हणाले, “अरे, रिळाचा खरा ब्रेक तुझ्या हातालाच आहे. अंगठा!” अंगठा स्पूलवर अलगद टेकवून ठेवायचा. फार दाबला तर शिसं पायाशीच पडतं, उचलला तर घरटं. शिसं पाण्याला टेकलं की मात्र पक्का दाबायचा. हे वाचून येत नाही बरं का, अंगठ्यालाच कळावं लागतं.

अंगठ्याच्या मदतीला रिळातही सोय असते. बाजूला एक छोटा नॉब असतो. शिसं टांगून बटण दाबलं की ते सावकाश खाली यायला हवं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबायला हवं, इतपत तो पिळायचा. शिवाय काही रिळांत चुंबक असतात. तुम्ही म्हणाल, स्पूल ॲल्युमिनियमचं, त्याला चुंबक काय करणार? चिकटत नाही हे खरं. पण चुंबकाजवळ ॲल्युमिनियम फिरलं की त्यात विजेचे छोटे छोटे भोवरे तयार होतात, आणि ते त्या फिरण्यालाच विरोध करतात. ॲल्युमिनियमच्या उभ्या नळीतून एखादा जोरकस चुंबक सोडून पाहा, कसा रेंगाळत खाली येतो ते!

चौथ्या दिवशी चिरंजीवांचा अंगठा जरा शहाणा झाला आणि एक छोटा तांबोसा गरीला लागला. दाजी इतके खूश झाले की रीळ त्यांनी हातातच ठेवलं. “उजनीवर वापर, मे महिन्यात येताना घेऊन ये.”

आता माझी चूक. निघायच्या दिवशीही सकाळी गरवून आलो होतो. चिरंजीव रीळ धुवायला नळावर निघाले, तर मीच ओरडले, “राहू दे रे, बस चुकेल! घरी धुऊ.” रीळ ओल्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत गेलं. घरी आल्यावर शाळा, तपासायचे पेपर, आणि पिशवी माळ्यावर.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाची बरणी ओली होते ना, तसंच. त्या खाऱ्या ओलाव्यात पोलादाला गंज चढतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, आणि पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमला भिडलेला असतो तिथे तर ॲल्युमिनियम जास्तच झिजतं. म्हणजे आम्ही इथे सोलापुरात होतो, पण मालवणचा समुद्र पिशवीत बसून आपलं काम करत होता.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील पूर्व भागात मागावर टॉवेल विणतात. यंत्राला हात लावायला ते भीत नाहीत, म्हणून रीळ त्यांच्याकडे नेलं. त्यांनी ते कोमट पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवलं. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही, हे मी वर्गात शिकवते आणि घरी मात्र तेल ओतायला निघाले होते! मग टॉवेल पसरून, निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे क्रमाने ठेवत त्यांनी रीळ उघडलं. जोडताना फक्त उलटं यायचं.

उघडं स्पूल पाहून ते हसले. “बाई, हा तर आमचा बीम आहे की!”

मागाच्या पाठीमागे ताण्याचा बीम असतो. त्याच्या टोकाला दोरी गुंडाळून वजन टांगतात. वजन कमी पडलं की बीम गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि ताणा सैल पडतो. दाजींचा अंगठा म्हणजे ते वजन!

आणि धोट्यातली कांडी? ती फिरतच नाही. सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला लोकरीच्या गिरण्या होत्या. त्या धंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थाला गिरणीतलं असंच काही पाहून स्पूल न फिरवता दोरा सोडणारं रीळ सुचलं, आणि १९०५ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. आज बहुतेक नवशिके त्याच जातीचं रीळ घेतात, कारण त्यात घरटं सहसा होत नाही. फिरत्या स्पूलचं हे बेटकास्टिंग रीळ त्याच्याही आधीचं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकीत जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने केलेलं. तरी ते अजून टिकलंय, कारण जाड तंगूस आणि मोठा मासा असला की त्याची ओढ सरळ आणि भक्कम असते.

रीळ शेवटी फिरलं. एक बेअरिंग मात्र कायमचं गेलं होतं, ते पुण्याहून मागवावं लागलं.

दाजींना फोन करायला मी दोन दिवस घेतले. ते रागावले नाहीत, पण थोडा वेळ काही बोललेच नाहीत, आणि मला ते जास्त लागलं. मग त्यांनी धुण्याची रीत सांगितली. मासा जोरात ओढायला लागला की तंगूस सुटू देणारं चांदणीच्या आकाराचं चाक हँडलपाशी असतं, ते आधी घट्ट करायचं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. गोड्या पाण्याची हलकी धार, जोराची नको, नाहीतर मीठ आणखी आत जातं. पुसून ते चाक सैल करायचं, सावलीत वाळवायचं. बेअरिंगला पातळ तेलाचा एकच थेंब, दातेरी चाकांना ग्रीस. चांदणीच्या चाकाखालच्या चकत्या घासूनच तंगूस आवरतात, त्यांना तेल चुकूनही नाही. आणि हे सगळं त्याच दिवशी.

मेमध्ये आम्ही रीळ परत नेलं. दाजींनी बटण दाबून स्पूल अंगठ्याने फिरवलं, कानाशी धरलं. “आवाज जरा बदललाय,” ते म्हणाले. मग ते चिरंजीवांच्या हातात देऊन म्हणाले, “चल देवबागला. संध्याकाळी धुवायचं तू.”

निघायच्या दिवशी मी दुपारच्या बसची तिकिटं काढली.