निलंबनाने न्याय होत नाही

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षास ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आग लागली आणि दहा अर्भके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील कोरोना अतिदक्षता विभागात अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. दोन्ही वेळी राज्य हळहळले. दोन्ही वेळी तत्कालीन महाविकास आघाडी सरकारने 'कठोर कारवाई' केल्याचे जाहीर केले. ही कारवाई कोणावर व कशी झाली, याचा विचार आता शांतपणे व्हायला हवा.

दोन्ही जिल्ह्यांचे शल्यचिकित्सक निलंबित झाले, हे खरे. परंतु कारवाईतील भेद डोळ्यांत भरतो. कायम सेवेत असलेल्यांचे निलंबन झाले. कंत्राटी परिचारिकांच्या सेवा मात्र थेट समाप्त करण्यात आल्या. भंडाऱ्यात पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदवला गेला. नगरमध्ये दुर्घटनेनंतर तीनच दिवसांत पोलिसांनी एक महिला वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिकांना अटक केली. याचा अर्थ शिक्षा दोषाच्या वजनाने मोजली गेली नाही. नेमणुकीच्या प्रकारावरून मोजली गेली. जिच्या पाठीशी नोकरीची शाश्वती नाही, तिचा बळी सर्वात आधी!

परिचारिकेने कर्तव्यात कसूर केली असेल, तर तिला शिक्षा झालीच पाहिजे. रुग्णाला एकटे सोडणे हा अक्षम्य अपराध आहे आणि त्याची पाठराखण कोणी करू नये. प्रश्न एवढाच की, कसूर झाली हे ठरवायचे कोणी आणि केव्हा? चौकशीआधी की चौकशीनंतर?

याचे उत्तर राज्यघटनेने दिले आहे. अनुच्छेद ३११ नुसार शासकीय सेवकास दोषारोप कळवून बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज बडतर्फ करता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये त्याची रीत घालून दिलेली आहे. लेखी दोषारोपपत्र, कागदपत्रे पाहण्याची मुभा, साक्षीदारांची उलटतपासणी, सहकाऱ्याचे साहाय्य आणि शेवटी अपील हे या रीतीचे टप्पे आहेत. चौकशी अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली मान्य केला. जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकांसाठी १९६४ चे स्वतंत्र नियम आहेत.

निलंबन ही कायद्याच्या दृष्टीने शिक्षा नव्हे. चौकशी निर्वेध व्हावी म्हणून योजलेला तो तात्पुरता उपाय आहे. तीन महिन्यांत दोषारोपपत्र न दिल्यास निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली अजयकुमार चौधरी प्रकरणात बजावले. महाराष्ट्र शासनाने ९ जुलै २०१९ च्या निर्णयान्वये ते स्वीकारले. कंत्राटी सेविकाही सर्वस्वी निराधार नाही. गैरवर्तनाचा ठपका ठेवून सेवा संपवायची असेल, तर चौकशी आवश्यक ठरते, हे तत्त्व न्यायालयाने १९९९ सालीच सांगितले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही निलंबित कामगाराची चौकशी सामान्यतः नव्वद दिवसांत पुरी करावी, असे बंधन आहे.

नियम आहेत, तर मग अन्याय का होतो? कारण रुग्णालयातील अधिकाराची उतरंड आणि जबाबदारीची उतरंड यांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत. विद्युत जोडणी कोणी तपासली, अग्निशमन यंत्रणेचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर थांबला, रात्रपाळीला किती खाटांमागे किती परिचारिका होत्या, यांपैकी एकही निर्णय परिचारिकेच्या हाती नसतो. संकट आले की समोर सापडते ती मात्र तीच. तिला काढले की जनक्षोभ शमतो, फाइल बंद होते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. भंडाऱ्यानंतर दहाच महिन्यांत नगर घडले, हे विसरता येणार नाही. चौकशीविना दिलेली शिक्षा केवळ परिचारिकेवर अन्याय करत नाही. ती पुढच्या रुग्णाचाही घात करते.

हा दोष एका सरकारपुरता नाही. बारामती तालुक्यातील कन्हेरीच्या मारुतीपुढे निवडणूक प्रचाराचे नारळ फुटतात, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. रुग्णालयांच्या भव्य इमारती आणि वैद्यकीय महाविद्यालये यांची आश्वासने सर्वच पक्ष देतात, काही पूर्णही करतात; बारामतीत वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिलेच. पण कन्हेरीची एखादी माता तापाने फणफणलेले मूल घेऊन रात्री रुग्णालयात पोहोचते, तेव्हा तिला आधार इमारतीचा नसतो, पांढऱ्या वेषातील 'सिस्टर'चा असतो. त्या सिस्टरच्या मनात 'काही झाले तर माझीच नोकरी जाईल' ही भीती असेल, तर ती तुटलेली तार, बंद पडलेले यंत्र वरिष्ठांना लेखी कळवण्याचे धाडस करील काय?

आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, ती वर्गसंघर्षाची कल्पना नाकारून. कामगाराने कर्तव्यात कसूर करू नये आणि व्यवस्थेने त्याच्या सन्मानाला धक्का लावू नये, अशी ही कुटुंबभावना आहे. कुटुंबातील धाकट्यावर खापर फोडून मोठ्यांनी नामानिराळे राहायचे, हे तिच्यात बसत नाही.

परिचारिकांनी म्हणून काही गोष्टी अंगी बाणवाव्यात. त्रुटी तोंडी न सांगता लेखी कळवावी आणि पोच घ्यावी. दबावाखाली कबुलीजबाबावर स्वाक्षरी करू नये. दोषारोपपत्राला मुदतीत उत्तर द्यावे आणि संघटनेला वेळीच कळवावे. शासनानेही कंत्राटी व कायम हा भेद शिस्तीच्या कारवाईपुरता तरी संपवावा आणि प्रत्येक दुर्घटनेची चौकशी तळापासून मंत्रालयापर्यंत न्यावी. आणि ज्या घरांतल्या मुली आज परिचर्येचे शिक्षण घेत आहेत, त्या घरांनी त्यांना सेवाभावाबरोबर आपले हक्कही शिकवावेत. सेवाव्रत म्हणजे मुकाट्याने अन्याय सोसणे नव्हे.